शीट सरळ होती, नाना

नाना, सोळा दिवसांनी आज शेडचं शटर वर केलं. मशीन पुसलं, कॉम्प्युटर सुरू केला, आणि साडेदहा वाजले तरी मशीनला कोणी शिवी दिली नाही. मला करमेना. शेवटी मीच तुमच्यासारखे कमरेवर हात ठेवून म्हणून पाहिलं, "ऊठ रे आंधया, कामले लाग!" लग्नाला सात वर्षं झाली तरी माझ्या तोंडात अहिराणी अजून पाव्हणीच आहे. मशीनवर काही परिणाम झाला नाही. पलीकडचा गॅरेजवाला मात्र डोकावून गेला.

तुम्ही गेल्यावर जे जे भेटायला आले ते सगळे म्हणाले, देवमाणूस होता. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, हे कोणाबद्दल बोलताहेत? देवमाणूस रोज सकाळी सुनेशी मिलिमीटरवरून भांडतो का? मला माझा भांडखोर सासरा आठवतो, आणि तो आठवला की आधी हसू येतं, रडू मागून येतं. म्हणून हे हसत हसतच लिहायचं ठरवलंय. फक्त एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, ती हसत सांगता येते का ते बघते. दहा महिने तुमच्या नावावर एक चूक लागली होती. ती तुमची नव्हती. कोणाची होती ते मला माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. ज्या मिस्त्रीची सुरतेच्या लिंबायतभर एवढीच ख्याती की याच्या हातून फळी कधी तिरकी लागत नाही, त्याला मी दहा महिने तिरक्या शीटवाला म्हणवून घेऊ दिलं.

पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, इंजिनेरबाई, आधी तुकडा काप, मग शीट.

इंजिनेरबाई हे नाव तुम्हीच पाडलेलं. मी कुठली इंजिनिअर! शाळेतल्या क्लार्कची मुलगी, ड्राफ्टिंगचा कोर्स केलेली. लग्न ठरलं तेव्हा सांगितलं होतं, सासरे मिस्त्री आहेत. कसले मिस्त्री ते घरात आल्यावर कळलं. तुम्ही धुळ्याकडून सुरतेला आलात ते लूमची लाकडी कामं करायला. धोटे, दांडे, लाकडाचं जे मोडेल ते तुम्ही करून द्यायचात. मग नव्या लूम आल्या, त्यांच्यात लाकूडच नव्हतं. तुम्ही हत्यारं उचललीत आणि कपाटं करायला लागलात. "एक मशीननी मन्हं काम खाई टाकं, म्हणून मी काय उपाशी बसनू का?" असं तुम्ही फाफडा खाता खाता सांगायचात, दुसऱ्याच कोणाची गंमत सांगावी तसं.

त्यामुळे मी आणि किरणने सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन, घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता घरात महाभारत होणार. (तुमच्यासमोर मी तुमच्या मुलाला नावाने कधी हाक मारली नाही. कागदावर मारते, रागवू नका.) महाभारत झालंच. गेल्या वर्षी भर उन्हाळ्यात, आखाजीच्या सुमाराला कामरेजच्या एका वर्कशॉपमधून ते जुनं मशीन टेम्पोत बसून आलं. तिकडे ते देवघरांच्या जाळ्या आणि दारावरची नक्षी कापायचं. तुम्ही टेम्पोभोवती एक चक्कर मारलीत आणि विचारलंत, "यान्हं डोकं कोठे शे?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरमध्ये."

"आन डोळा?"

"डोळे नाहीत, नाना. सांगू तिथे जातं."

"मंग हाई आंधयं शे," तुम्ही निकाल दिलात आणि चहा प्यायला निघून गेलात.

पहिल्याच दिवशी त्याने तुमचं म्हणणं खरं केलं. माझ्याकडून भलतीच फाइल उघडली गेली आणि मशीनने तुमच्या जपून ठेवलेल्या सागाच्या फळीवर मोर कोरायला घेतला. मी धावत जाऊन बंद करेपर्यंत अर्धा मोर झाला होता, तोही पिसाऱ्याकडून. मी रडकुंडीला आले. तुम्ही फळी उजेडात धरलीत, कोरीव कामावरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "पिसारा भारी करा त्यानी. तोंड आपन करसूत." ते तोंड तुम्ही पटाशीने दोन दिवस बसून केलंत आणि फळी शेडच्या दारावर ठोकलीत. तोंड जरा तुमच्या जोडीदारासारखं, काशिनाथआप्पांसारखं झालं होतं. दोन गल्ल्या पलीकडे आप्पांचं सुतारकाम चालतं, ते येऊन मोर बघून गेले आणि त्यांना त्यात काही ओळखीचं दिसलं नाही, ही देवाची कृपा.

सून शेडमध्ये काम करणार म्हटल्यावर नातेवाईक कुजबुजले होते. पुरुषांची ये-जा, भुसा, मशीनचा आवाज. तुम्ही एकच वाक्य बोललात. "भाकरी ती आगवर करस, ते चालस. हाई मशीन तर थंडं शे." पुन्हा कोणी विषय काढला नाही. रोज दुपारी तुम्ही टपरीवरून दोन चहा आणायचात आणि दर वेळी म्हणायचात की टपरीवाल्याने चुकून एक जास्त दिला. सव्वा वर्षभर तो माणूस रोज चुकत होता.

कामाची वाटणीही तुम्हीच केलीत. मशीनच्या टेबलावर प्लायची शीट तुम्ही लावायची, बटण मी दाबायचं. शीटची कड ठोकळ्यांना भिडवून तुम्ही कान जवळ न्यायचात आणि कडेला टिचकी मारायचात. आवाज बद्द आला की कड टेकली, खणखणला की कुठेतरी फट आहे. दुसऱ्या कोणाला तुम्ही शीटला हात लावू द्यायचा नाहीत. आज सकाळी मी पहिल्यांदा एकटीने शीट लावली. टिचकी मारली. आवाज बद्द की खणखणीत, मला कळेना. चार वेळा मारली, पाचव्यांदा मारली, मग खाली बसून थोडी रडले आणि सरळ मोजपट्टी काढली.

लोकांना वाटतं मशीनचं सगळं मी तुम्हाला शिकवलं. उलटं आहे. खाच कापायला मला तुम्ही शिकवलंत. पहिल्या कपाटाला मी फळी बसवायच्या खाचा बरोबर अठरा मिलिमीटरच्या कापल्या, कारण प्लायवर अठरा छापलं होतं. फळी खाचेत घातली तर ती खडखडायला लागली. मी प्रोग्रॅम तपासला, कटर तपासला, सगळं बरोबर. तुम्ही लांबून बघत होतात.

"प्लायवर लिखेल काय बी ऱ्हास," तुम्ही म्हणालात. "लगीनना कागदवर पोऱ्याना पगार लिखेल ऱ्हास, तसं."

मोजलं तर प्लाय एका टोकाला सतरा आणि थोडं, दुसऱ्या टोकाला त्याहून वेगळं. तेव्हापासून आपला नियम झाला. प्रत्येक शीट तीन ठिकाणी मोजायची. मग त्याच प्लायच्या फालतू तुकड्यात खाच कापायची आणि तिच्यात फळी घालून बघायची. फळी तळहाताच्या एका थापेने बसली पाहिजे, आणि तुकडा उलटा धरून झटकला तरी पडता कामा नये. हातोडी घ्यावी लागली तर खाच घट्ट, बोटाने सरकली तर सैल. तुकडा पास झाला की मगच शीट. हा नियम मी आता स्वयंपाकालाही लावते. पहिली पोळी किरणला देते, तो काही बोलला नाही तर बाकीच्यांना.

आता आपलं न मिटलेलं भांडण. कपाटाच्या दोन्ही बाजूंना आतून पिनांसाठी भोकांच्या दोन-दोन रांगा असतात, एक पुढे, एक मागे, म्हणजे फळी हवी तिथे वरखाली करता येते. तुमची भोकं दहा सुतांवर. माझी बत्तीस मिलिमीटरवर, कारण बाजारात मिळणारं सामान बत्तीसच्या मापाने येतं. तुमचं म्हणणं, दहा सूत म्हणजेच बत्तीस. माझं म्हणणं, दहा सूत म्हणजे सव्वा इंच, आणि सव्वा इंच म्हणजे पावणेबत्तीस.

"पाव मिलिमीटर!" तुम्ही पत्र्याकडे बघून म्हणायचात. "पाव मिलिमीटरमा काय म्हैस अडकस का?"

"नाना, एका भोकाला पाव. वीस भोकं पुढे गेलं की पाच मिलिमीटर."

मग तुम्ही तुमची काठी काढायचात, सगळ्या खुणा कोरलेली. "मी एक भोकपासून दुसरं मोजतच नई. काठी नेहमी एकच टोकले लावस. चूक पुढे चालतच नई." हे मात्र सोळा आणे खरं. आणि मशीनही नेमकं हेच करतं, प्रत्येक भोक एकाच कोपऱ्यापासून मोजतं. हे मी तुम्हाला सांगितलं त्या दिवशी तुम्ही मशीनकडे पहिल्यांदा जरा आदराने बघितलंत आणि विचारलंत, "हाई कोठे शिकनं?" पण सूत आणि मिलिमीटरचा वाद काही सुटला नाही. तुम्ही गेलात तेव्हाही तुमच्या लेखी दहा सूत म्हणजे बत्तीसच होते. मी हरलेली नाही, नाना. समोरचा मैदान सोडून गेला, एवढंच.

आणि आता तो दसरा.

जयेशभाईंची ऑर्डर होती. रिंगरोडला त्यांचं साड्यांचं होलसेल दुकान, सोळा कपाटं हवी होती, दिवाळीच्या आत. म्हणजे बत्तीस बाजू, प्रत्येक बाजूला मधल्या पक्क्या फळीची खाच आणि भोकांच्या रांगा. आपल्या मशीनचं तेवढं मोठं काम पहिलंच. आणि मशीन आल्यानंतरचा दसराही पहिलाच. सकाळी तुम्ही हत्यारं धुऊन पाटावर मांडलीत, प्रत्येकाला कुंकवाचं एक बोट, एक झेंडूचं फूल, आटोपलं.

मी म्हटलं, "माझ्या मशीनचं काय?"

"तुन्हं तू कर. पन हत्यारनी पूजा हलकी करो. जड पूजा देवले, हत्यारले नई," असं सांगून तुम्ही जलेबी-फाफड्याच्या रांगेत उभं राहायला गेलात.

मी ऐकलं नाही. मला इतका आनंद झाला होता की हलकी पूजा पुरली नसती. मशीनला हार घातला, नारळ फोडला, आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता लग्नात नवरदेवावर टाकतात तशा मुठीने टाकल्या. संध्याकाळी पाकळ्या झाडल्या. अक्षताही झाडल्या असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं. तुम्ही शीट लावत होतात, मी बटण दाबत होते. खाचा अशा आल्या की तुम्ही थाप मारून फळी बसवलीत आणि काही बोलला नाहीत, म्हणजे पसंत. नऊ बाजू झाल्या आणि जयेशभाई बघायला आले. त्यांनी दोन बाजू समोरासमोर उभ्या करायला लावल्या, हौसेने स्वतः चार पिना खोचल्या, फळी ठेवली आणि तिच्यावर हात टेकला. फळी टकटक वाजली. तीन पिनांवर बसली होती, चौथी पिन हवेत.

"नाना, आ तो डोले छे," ते म्हणाले.

खालच्या भोकांत ठेवली तर फळी शहाण्यासारखी बसायची. नवव्या भोकापासून वर कुठेही ठेवा, डोलायची. नऊच्या नऊ बाजूंची तीच रड. किरणला त्या दिवशी मिलमध्ये सुट्टी होती, तो तिथेच उभा होता. तो तडकला. "विकून टाकू हे मशीन. नाना हाताने करत होते तेव्हा कधी एक फळी हलली नाही." जयेशभाईंच्या तोंडावर बोलला तो हे.

मी पुन्हा मोजपट्टी लावली. प्रोग्रॅम बरोबर होता, भोकांमधलं अंतर बरोबर होतं, तरी फळी डोलत होती. मला वाटलं, संपलं. सकाळचं शटर, मशीनचा आवाज, तुमच्याशी भांडण, दुपारचा चुकून आलेला चहा, सगळं गेलं. आता घरी बसून लोकांच्या बाल्कन्यांचे नकाशे काढायचे.

तेवढ्यात तुम्ही खाकरलात. "जयेशभाई, मशीननो वांक नथी. शीट में त्रांसी मूकी हती. हवे आंख काम नथी करती." मशीनचा दोष नाही, शीट मीच तिरकी ठेवली, आता डोळ्यांना दिसत नाही. आणि वर म्हणालात, "परम दिवसे आवो. आ ज मशीन कापशे. डोले तो हुं करवत हाथमां नहीं लउं."

परवा या, हेच मशीन कापेल, आणि फळी डोलली तर मी पुन्हा करवत हातात धरणार नाही. असं तुम्ही म्हणालात, नाना, ज्या मशीनला तुम्ही त्याच दिवशी सकाळी आंधळं, बहिरं आणि कामचुकार म्हटलं होतंत त्याच्यासाठी.

त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगते. सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली. कारण तुमच्या हाताखाली राहून मला एवढं कळत होतं की शीट तिरकी असती तर रांग पहिल्या भोकापासून हळूहळू सरकत गेली असती. नवव्या भोकाशी तिने एकदम उडी मारली नसती. हे मला कळत होतं तर तुम्हाला कळत नव्हतं? चूक कोणाची हे तुम्हाला ठाऊक नसेल कदाचित. पण तुमची नाही हे पक्कं ठाऊक होतं.

तुम्ही जेवायला घरी गेलात आणि मी टॉर्च घेऊन मशीनखाली आडवी झाले. मशीनचा पूल ज्या दातेरी पट्ट्यांवरून पुढे-मागे धावतो, त्यातल्या एका पट्टीच्या दातांत, बरोबर नवव्या भोकाच्या जागी, दोन अक्षता होत्या. दाबून चपट्या झालेल्या, कुंकवाने लाल. तिथे आलं की मशीनच्या त्या बाजूला ठेच लागायची, त्या बाजूच्या रांगेची तिथून पुढची सगळी भोकं दोन मिलिमीटर मागे राहायची, आणि मशीनला त्याचा पत्ता नसायचा, ते आपलं सगळं ठीक असल्यासारखं पुढे चालत राहायचं. मी सुईने अक्षता काढल्या आणि फुंकून दिल्या. तुम्ही परत आलात तेव्हा म्हटलं, "नाना, एक स्क्रू ढिला होता. घट्ट केला."

"बरं," तुम्ही म्हणालात.

नऊ बाजू आपण पुन्हा कापल्या. जयेशभाई आले तेव्हा तुम्ही त्यांच्या हातात पिनांची वाटी दिलीत आणि म्हणालात, हवी ती फळी हव्या त्या भोकात ठेवून बघा. त्यांनी खरंच कंटाळा येईपर्यंत ठेवून बघितली. शेवटी त्या फळीवर कोपर टेकून ते कोणाशी तरी फोनवर बोलत उभे राहिले. तुम्ही माझ्याकडे बघून एक भुवई उडवलीत. त्यानंतर मशीन विकायचा विषय आपल्या घरात निघाला नाही.

मी सांगणार होते. पहिले काही दिवस किरणच्या रागाला भ्यायले. मग दिवाळीची धावपळ. आणि मग उशीरच झाला, कारण तुम्हाला ती गोष्ट आवडायला लागली! टपरीवर सांगितलीत, चलथाणच्या लग्नात सांगितलीत, श्रावणात कानबाईच्या रोटांच्या पंगतीत सांगितलीत. जयेशभाईंचा चेहरा करून दाखवायचात, डोलणारी फळी करून दाखवायचात. दर वेळी शीट थोडी जास्त तिरकी व्हायची. चलथाणला तर ती टेबलावर जवळजवळ गोल फिरली. लोक पोट धरून हसायचे, त्यांच्यात मीही हसायचे. मग कोणीतरी म्हणायचं, नाना, आता म्हातारे झालात. तुम्ही म्हणायचात, "हां, व्हयनू." तेवढा एक शब्द आला की मी हसणं सोडून पाणी आणायला उठायचे.

या दसऱ्याला सांगायचं असं मी पक्कं केलं होतं. अक्षतांची वाटी समोर ठेवून, पाया पडून, सगळं. आणि तुम्ही कानबाईचे रोट खाऊन आठच दिवसांनी, दुपारची झोप काढता काढता निघून गेलात. त्याबद्दल तक्रार नाही. कोणाला त्रास न देता, पोटभर जेवून जाणं तुम्हाला शोभलं. पण मला तुमचा रागही आला, नाना. दोन महिने थांबता आलं नाही?

तीन दिवसांपूर्वी, तेराव्याला, तुमची गंधमुक्ती झाली. गल्लीत मांडव घातला होता, वरण-बट्टीची पंगत बसली होती, मी तूप वाढत होते. काशिनाथआप्पा तुमच्या आठवणी सांगत होते आणि सांगता सांगता त्या गोष्टीवर आले. तुमच्याच आवाजात, तुमच्याच हातवाऱ्यांसकट. जयेशभाई स्वतः पंगतीत बसले होते, त्यांनी "डोले छे, डोले छे" म्हणून साथ दिली. गंधमुक्तीच्या जेवणात माणसं इतकी हसताना मी कधी पाहिली नव्हती. शेवटी आप्पा म्हणाले, "चाळीस वरीस सरय काम करं त्यानी. आन शेवटले एक शीट तिरकी लायी गया." सगळे हसले. आप्पा मात्र ताटात बघायला लागले.

माझ्या हातातली तुपाची धार थांबेना. कोणा पाहुण्यांची बट्टी बुडाली. मी म्हटलं, "आप्पा, शीट सरळ होती."

एवढ्या मोठ्याने म्हटलं की मांडवाबाहेरचे रिक्षावालेही वळून बघायला लागले. मग थांबता येईना. "दसऱ्याला मी मशीनवर अक्षता टाकल्या होत्या. त्या दातांत अडकल्या. नानांचा काही दोष नव्हता. मला त्याच दुपारी कळलं होतं, आणि मी दहा महिने गप्प बसले."

आप्पांनी हातातला घास खाली ठेवला. "नववं भोक," ते म्हणाले. "त्या बाजू मी देखेल व्हतात. तिरकी शीट पहिला भोकपासून सरकस. मी त्याले इचारं, गड्या, नववाले कसं सरकनं? तो नुसता हसना. म्हने, आप्पा, तू चहा पे." मग ते उठले आणि उष्ट्या हातानेच तुमच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. "माफ कर रे भो. जाणीसन बी तुले हसनू. मन्ही चूक शे."

किरणकडे बघायची मला भीती वाटत होती. तो वरणाची बादली घेऊन उभा होता. त्याने ती खाली ठेवली. "चूक माझी," तो म्हणाला. "लोकांसमोर मशीन विकायला मी निघालो. मी तोंड आवरलं असतं तर नानांना खोटं बोलावं लागलंच नसतं."

किरणच्या आई तुम्ही गेल्यापासून कोणाशी धड बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आन अक्षतानी डबी तिले कोनी दिधी? मीच. टाक मूठभर, पहिला दसरा शे, आसं मीच म्हनं. ते मन्हाकडे लागस."

"ना ना ना," जयेशभाई ताटावरून अर्धे उठले. "उतावळ तो में करावी हती. साफ करवानो टाइम ज क्यां आप्यो?" घाई मी केली, साफसफाईला वेळच कुठे दिला, म्हणजे दोष माझा.

आप्पा फोटोसमोरून ओरडले की पहिला हक्क त्यांचा आहे. आई म्हणाल्या, घरचं माणूस असताना बाहेरच्याचा हक्क कसा? कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग अख्खी पंगत हसायला लागली. आई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. किरणने माझ्या हातातलं तुपाचं भांडं घेतलं आणि पुढचं तूप तो वाढायला लागला.

जयेशभाईंसमोर तुम्ही एकट्याने अंगावर घेतलेली ती चूक, नाना, तिच्यासाठी पंगतभर माणसं भांडत होती. ज्याने त्याने आपापला वाटा मागून नेला. तुमच्या वाट्याला काहीच उरलं नाही.